मागच्या गल्लीत वळलेली पालखी

रागावलेल्या माणसाने देवाच्या अनुभवाबद्दल लिहू नये, असं मला बरेच दिवस वाटत होतं. असे अनुभव मी वाचले आहेत. त्यांत लिहिणारा शेवटी शांत झालेला असतो. मी अजून पुरती शांत झालेले नाही. तरीही जे घडलं ते माझ्या घराच्या दारात घडलं, आणि ते न सांगणं कृतघ्नपणाचं होईल, म्हणून धीर करून लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या माथ्यावर आहे. गाव लहान, पण हवा थंड, मध्ये तळं, आणि पश्चिमेच्या कड्यावरून सूर्यास्त छान दिसतो, म्हणून सुट्टीत गाड्यांची रांग लागते. गावचा देव भैरोबा. चैत्रात त्याची यात्रा भरते. यात्रेच्या संध्याकाळी पालखी देवळातून निघते आणि गावातल्या एकूण एक गल्लीतून फिरते. दारासमोर पालखी थांबली की घरातली बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घालते आणि देवाला ओवाळते. आम्ही मागच्या गल्लीत राहतो. ही गल्ली उताराला आहे, अरुंद आहे, तिथे बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. देव मात्र दर वर्षी यायचा.

गेल्या दिवाळीच्या आधी आई गवताचा भारा घेऊन येताना उतारावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. हाड चांगलं जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता रोज वॉकर धरून उभं राहायचं. पण घरी आल्यावर एकदा वॉकर सरकला, आई पडता पडता वाचली, आणि तिच्या मनात भीती बसली ती बसलीच. ती दारालगतच्या खाटेवर बसून राहू लागली. पाय बारीक होत चालले. फिजिओथेरपी करणाऱ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे असंच चाललं तर तुमची आई पुन्हा कधीच उभी राहणार नाही. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत, ते आठवड्याच्या सुट्टीला येतात. मी रोज एसटीने कॉलेजला जाते-येते. मी आईला विनवलं, समजावलं, आणि खरं सांगते, ओरडलेसुद्धा. एक दिवस तीच म्हणाली, "यात्रेला देव दारात येतोय न्हवं? त्याच्या म्होरं उभी ऱ्हाते. तवर मला काय म्हणू नगंस." मला असल्या बोलण्यावर विश्वास ठेवावासा वाटत नव्हता. पण दुसरा काही आधारही नव्हता. म्हणून मीही आईसारखीच यात्रेची वाट बघू लागले.

यंदा गावातल्या काही मंडळींनी ठरवलं की यात्रेबरोबर पर्यटकांसाठी महोत्सव करायचा. तळ्याकाठी स्टेज, मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं, गुऱ्हाळ, चपलांचे आणि खाण्याचे स्टॉल, फोटो काढायला फुलांची चौकट. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. उलट सूत्रसंचालन करायला मला बोलावलं तेव्हा मी हरखून गेले. मागच्या गल्लीतली पोर माईकवर बोलणार, याचं गल्लीलाही कौतुक होतं. मी निवेदन लिहून पाठ केलं होतं. यात्रेच्या दिवशी दुपारी मात्र माझ्या हातात एक कागद आला आणि हे आधी वाच असं सांगितलं गेलं. यंदा पालखी देवळातून मुख्य रस्त्याने स्टेजसमोर येईल, तळ्याला वळसा घालून देवळात परतेल, मागच्या आणि खालच्या गल्लीतल्या भाविकांनी दर्शनाला स्टेजजवळ यावं, असं त्यावर लिहिलं होतं.

महोत्सव समितीचे जे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांच्याकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, माझ्याशी प्रेमानेच बोलले. "अगं, बाहेरची मान्सं आल्यात, कॅमेरं आल्यात. तुमच्या गल्लीतली गटारं दावायची का त्यास्नी? देव काय, कुटनं बी दिसतोय." मी म्हटलं, आईला येता येत नाही. तर म्हणाले, खुर्चीत बसवून आणा की, चार पोरं देतो. आईला उचलून न्यायची नव्हती, तिला उभं राहायचं होतं. हे एवढं साधं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. मी जाऊन तो कागद माईकवर वाचला. कर्णे विजेच्या खांबांवर बांधले होते. एक आमच्या गल्लीच्या तोंडाशीही होता.

वेळ होता म्हणून मी घरी पळत गेले. शेजारच्या शांताकाकू वाकून रांगोळी काढत होत्या. आमच्या दारापासून थेट गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांनी सडा घातला होता आणि दर चार हातांवर पांढरी पावलं काढली होती. आईने खाटेवर बसून त्यांना हे करायला लावलं होतं. ते बघून माझा सगळा राग आईवर निघाला. अण्णांना जे बोलायचं होतं ते मी तिला बोलले. मी म्हटलं, "देव येणार न्हाई. ऐकलं न्हाईस का? तुझ्या देवाला आता कॅमेरं लागत्यात." आई म्हणाली, "ऐकलं की. तुजाच आवाज हुता, वळखला मी. यायचं का न्हाई ते तो बघंल. उंबरा आपला हाय, तो आपण झाडून ठिवायचा." ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही, आणि त्यामुळे मी आणखी पेटले. भैरोबाला मनात नको नको ते बोलले. श्रीमंतांच्या हॉटेलांसमोरून फिर, माझ्या आईला खाटेवरच मरू दे, असं म्हणत मी स्टेजकडे परत गेले.

संध्याकाळी देवळाकडून हलगी आणि सनईचा आवाज सुरू झाला. स्टेजसमोर खुर्च्या भरल्या होत्या, लोक मोबाईल वर धरून बसले होते. मी पाठ केलेलं निवेदन म्हणत होते आणि माझं लक्ष रस्त्याकडे होतं. पालखी यायला हवी होती, ती येईना. मग हलगीचा आवाज जवळ येण्याऐवजी खाली, उताराकडे गेल्यासारखा वाटला. मला वाटलं, भास होतोय. एवढ्यात कोणीतरी धावत येऊन अण्णांना सांगितलं की पालखी मागच्या गल्लीत शिरली. अण्णा उठून निघाले. मी माईक तसाच खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या मागे धावले.

काय घडलं ते मला नंतर कळलं, ते इथेच सांगते. चौकात काही पाहुण्यांना पालखीला खांदा देताना फोटो हवे होते, म्हणून गावचे खांदेकरी बाजूला झाले. फोटो संपल्यावर त्या घोळात पुढचा एक दांडा निपाणीकडून आलेल्या एका माणसाने घेतला. त्याचा काही नवस होता, तो अनवाणी आला होता. दोन रस्ते फुटतात तिथे मुख्य रस्त्यावर लाल गालिचा आणि स्टॉल होते, आणि उजवीकडे आमच्या गल्लीत सडा-रांगोळी होती. तो उजवीकडे वळला. गुलाल उधळत होता, गर्दी होती, इतरांच्या ध्यानात येईपर्यंत पालखी पुरती गल्लीत आली होती. आमच्याकडे अशी रीत आहे की देवळातून निघालेली पालखी मागे पाऊल टाकत नाही. काहीही झालं तरी नाही. आणि आमची गल्ली एवढी अरुंद की पालखी फिरवून घ्यायला जागाच नाही. आता पुढे जाण्यावाचून, एकेक दार घेत खालच्या गल्लीतून बाहेर पडण्यावाचून, इलाज नव्हता.

मी पोचले तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. मी कोपराने वाट काढत होते, लोक मला ओरडत होते. पालखी आमच्या दारासमोर थांबली होती. आणि खांदेकऱ्यांच्या मधून मला आई दिसली. ती उभी होती.

शांताकाकूंनी नंतर सांगितलं, पालखी अशी अचानक आली की त्या आपल्या दारात पाणी आणायला पळाल्या. आमच्या दारात कोणी नव्हतं. चार माणसं देवाचं ओझं घेऊन, तापलेल्या डांबरावरून आलेले पाय घेऊन पाण्यासाठी थांबली होती. आईने मला हाक मारली, काकूंना मारली. कोणी येईना. मग तिने वॉकर ओढला. मी पाहिलं तेव्हा तिचा एक हात वॉकरवर होता आणि दुसऱ्या हातात तांब्या होता. निम्मं पाणी उंबऱ्यावरच सांडत होतं. ती त्या निपाणीच्या माणसाला म्हणाली, "पावणं, जरा पाय म्होरं घ्या. मला वाकता येत न्हाई."

त्याने पाय पुढे केला.

तेवढ्यात अण्णा पोचले आणि त्या माणसावर तुटून पडले. कुठला तू, वाट ठाऊक नाही तर खांदा कशाला दिलास, एवढ्या लोकांसमोर गावाची शोभा केलीस, असं बरंच बोलले. तो बिचारा ओशाळला. कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "चुकलं साहेब. रांगोळी दिसली, म्हटलं देवाची वाट हीच." दुपारी अडलेले माझे शब्द त्या क्षणी सुटले. मी म्हटलं, "अण्णा, त्यांस्नी बोलू नका. वाट त्यांस्नी ठावं न्हवती. तुम्हास्नी हुती." हलगीवाल्याने काय ओळखलं कोण जाणे, त्याने हलगीवर टिपरू मारलं, लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं आणि पालखी पुढच्या दाराला गेली. मी आईला जाऊन धरलं. ती म्हणाली, आधी तांब्या घे.

महाप्रसादाच्या पंगतीत मी त्या माणसाला शोधून काढलं. आभार मानायला तोंड उघडलं तर त्याला वाटलं, मीही बोलायलाच आले आहे. तो पुन्हा माफी मागू लागला. मग त्याने विचारलं की निपाणीसाठी शेवटची गाडी कुठून मिळेल. मी त्याला स्टँडपर्यंत सोडून आले. काकू म्हणतात, तो भैरोबाच होता. मला तसं वाटत नाही. भैरोबाला एसटीची चौकशी करावी लागली नसती. पण त्या संध्याकाळी देव कोणाच्या तरी खांद्यावर होता आणि तो खांदा त्या निपाणीच्या माणसाचा होता, एवढं मला पुरतं.

आई दुसऱ्या दिवशी सकाळीही उभी राहिली. न सांगता. वडील सुट्टीला आले तेव्हा ती दारात वॉकर धरून त्यांची वाट बघत होती, आणि ते पिशवी हातात घेऊन रस्त्यातच थांबले, पुढे येईनात. आता ती शांताकाकूंच्या उंबऱ्यापर्यंत जाते. डॉक्टर म्हणतील, भीती कधी ना कधी गेलीच असती. असेल. मी कोणाशी वाद घालत नाही.

देवावर सोपवणं म्हणजे गप्प बसणं, असं मी समजत होते, आणि म्हणूनच मला त्या शब्दाचा राग यायचा. आईने देवावर सोपवलं ते फक्त त्याचं येणं. रांगोळी तिने सोपवली नाही, पाणी सोपवलं नाही. त्या दिवशी तिच्यावर ओरडले, त्याबद्दल मी तिच्या पाया पडले. भैरोबाच्याही पडले, आणि डोळ्यांत पाणी आलं. पण माझ्या मनात एक प्रश्न अजून धगधगतो आहे. आमच्या गल्लीत देवाने चुकून यायचं का? पुढच्या वर्षीच्या पालखीची वाट ठरवायला समितीची बैठक आहे. मी देवळात जाऊन माझा हा राग त्याच्या पायाशी ठेवून आले आहे. त्याला हवा असेल तर त्याने ठेवून घ्यावा. त्याने परत दिला, तर मी तो घेऊन बैठकीला जाईन.