क्लबात खेळणारा

दोहा, दुबई, मनिला, बँकॉक. अकरा वर्षं मी पगारावर बास्केटबॉल खेळलो. पोलादपूरच्या डोंगरावरच्या आमच्या वाडीत मात्र आईनं सांगून ठेवलेलं, पोरगा गल्फला कामाला हाय.

तुडीलला मुलगी बघायला गेलो. मुलीचा मामा दुबईला ट्रक चालवून आलेला. त्यानं पासपोर्टच मागितला आणि एकेक शिक्का नखानं खरवडून पाहिला.

"कंपनी कुठची?"

"कंपनी नाही, क्लब."

"क्लबात काय करता?"

"खेळतो."

सगळ्यांचे पोहे तोंडातच राहिले. आमच्याकडे क्लब म्हणजे पत्त्यांचा अड्डा. मी घाईनं म्हटलं, "बास्केटबॉल हो! हरलो तरी पगार मिळतो."

मामा हसला. "हरणाऱ्याला पगार कोण देतो?"

सोयरीक तिथंच मोडली. खरं बोललो, हीच माझी चूक!

पुढं मॅचमध्ये गुडघा गेला. आता बिरवाडीला कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला बसतो. वाडीत कधी नव्हे ते माझं कौतुक चाललंय, सुटला एकदाचा पत्त्यांचा नाद म्हणून.

आई मात्र मी लंगडत आलो की दार लोटून घेते. "घरात कोण नाय, आता तरी खरं सांग रे. पाय कुणी मोडला तुझा?"