न वाकणारी बोटं

माझ्या धाकट्या बहिणीची बोटं वाकत नसत. अंगठे तेवढे ठीक. बाकीच्या बोटांना मधले सांधेच नव्हते. वडील अमरावतीला वकिली करत. त्यांनी तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी एकेक बोट चाचपलं आणि म्हणाले, "हाडं जन्मापासून जुळलेली आहेत. कापाकापीच्या नादी लागू नका."

शाळेत बाईंनी तिला नुसतं ऐकत बसायला सांगितलं. घरी येऊन तिनं माझी पाटी ओढली, पेन्सिल पहिल्या दोन बोटांत अडकवली आणि खांद्यापासून हात हलवत 'अ' काढला. त्या एका अक्षरानं पाटी भरली. दिवाळीपर्यंत त्याच पाटीवर चार ओळी मावू लागल्या. पुढं ज्वारीची भाकरी तर ती आईपेक्षा गोल थापायची.

अकोल्याचे एक मास्तर तिला बघायला आले, तेव्हा तिनं आपणहून पदराखालून हात बाहेर काढले.

"ही बोटं वाकत नाहीत. आधीच बघून घ्या."

"काय करता येत नाही?" मास्तरांनी विचारलं.

"मूठ आवळता येत नाही."

"मग माझं बरंच आहे," ते म्हणाले. आई सोडून सगळे हसले. लग्न ठरलं.

पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. मुलगी झाली. सुईण बाळाला पुसता पुसता थांबली. "बाई, पोरीचे बोटं तुमच्यावानीच हायेत."

बहिणीनं ती इवलीशी बोटं एकेक करून वाकवून पाहिली. मी भेटायला आत गेलो तेव्हा म्हणाली, "दादा, मला वाटलं होतं, हे माझ्यापाशीच संपेल." तिला रडताना मी तेवढंच पाहिलं. आई मात्र दिवसभर डोळे पुसत होती. शेवटी बहीणच तिला म्हणाली, "तू कशाला रडतेस? हिला काय काय करता येईल ते मला ठाऊक आहे."

भाची पाच वर्षांची असताना मी अकोल्याला गेलो होतो. बहीण तिला पेन्सिल दोन बोटांत धरायला शिकवत होती. पोरीनं ती काढून अंगठ्याच्या बेचक्यात खोवली.

"अशी नाही गं."

"मले असंच येते, आई."

बहीण तिचा हात धरायला वाकली, पण थांबली. "बरं, तसं लिही," म्हणाली. अक्षरं वेडीवाकडी होती, पण वाचता येत होती. बाराखडी पुरी करून भाचीनं पाटी बाजूला सारली आणि बापाच्या टेबलावरची दौत मागितली.