फरीदाबादच्या खाणवस्तीतला एक रविवार

आमच्या बाथरूमच्या फरश्या बदलायला भगीरथ नावाचा मिस्त्री येत होता. शनिवारी संध्याकाळी हत्यारं आवरता आवरता तो म्हणाला, "मैडम, कल नहीं आऊँगा। हमारे यहाँ आज़ादी का दिन है।"

"भैया, पंद्रह अगस्त तो कब का हो गया."

"वो सबकी है। ये हमारी।"

मग त्याने सांगितलं. त्याचे आईवडील राजस्थानातून फरीदाबादजवळच्या दगडखाणींत आले होते. आगाऊ उचल घेतली आणि तिथेच अडकले, वेठबिगार म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी कोर्टाच्या हुकुमाने सुटका झाली. त्या दिवशी ही सगळी कुटुंबं दरवर्षी जमतात. "गाड़ी से घंटा भर है, आ जाओ," असं म्हणून तो गेला.

ही गोष्ट गुडगावला मेट्रो पोचण्याआधीची. पुण्याहून येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि सगळे रविवार मॉलमध्ये जात होते. नवरा मकरंद टूरवर होता. म्हटलं, चलो, जाऊन येऊ.

निघताना दारात सुमंती उभी. ती आमच्याकडेच राहायची. झारखंडची, तिशीची, एजन्सीतून आलेली. सासूबाईंचं सगळं तीच बघायची. म्हणाली, "दीदी, मैं भी चलूँ?" तीन वर्षांत तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"अरे, अम्माजी के पास कौन रहेगा?" मी म्हणाले. तिने मान हलवली आणि माझी पाण्याची बाटली भरून आणली.

गुडगाव-फरीदाबाद रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही बाजूंना अरवलीची काटेरी झुडपं, मध्येच क्रशरची पांढरी धूळ, समोरून खडीचे ट्रक. काचा बंद ठेवाव्यात. सोडलेल्या खाणींत निळंशार पाणी साठलेलं दिसतं. फोटोचा मोह होतो, पण काठाला जाऊ नका, कडा ढासळतात. टोलनंतर एका टपरीवर थांबले. दोन रुपयांत कडक चहा मिळाला आणि वस्तीचा रस्ताही तिथेच कळला. तिथून पुढे दोन किलोमीटर कच्चा रस्ता.

वस्ती म्हणजे विटांच्या बुटक्या घरांच्या चार ओळी. भगीरथ पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात होता, पटकन ओळखूच आला नाही. सगळे आधी जुन्या खाणीपाशी जातात आणि तिथून वस्तीपर्यंत चालत येतात, सुटले त्या दिवशी आले होते तसे. सर्वांत म्हातारी माणसं पुढे. ढोल एकच होता, घोषणा नव्हत्या. वस्तीच्या तोंडाशी पोचल्यावर प्रत्येकाने थांबून आपल्या गावाचं नाव मोठ्याने सांगितलं. इथेच जन्मलेल्या पोरांनीसुद्धा. ज्या गावाला जाता येत नव्हतं, त्याचं नाव.

पत्रावळीवर दाल-बाटी आणि चुरमा. पैसे विचारले तर भगीरथ चक्क रागावला. त्याची आई धापूबाई माझ्या शेजारी येऊन बसली. बोटं वाकडी झालेली, आवाज मात्र खणखणीत.

मी विचारलं, "ठेकेदार बहुत मारता था?"

"ना बेटी, हमारा वाला मारता नहीं था। होली पे गुड़ देता था, बुखार आए तो गोली देता था।" बाटी कुस्करता कुस्करता ती पुढे म्हणाली, "बस, जाने नहीं देता था। कहता था, ये काम हो जाए, फिर जाना। मेरी माँ मरी, मुझे तेरहवीं के बाद पता चला।"

मीही बाटी कुस्करू लागले.

"घर में कौन-कौन है?" तिने विचारलं. मी सासूबाईंचं सांगितलं, सुमंतीचंही सांगितलं.

"उसको भी ले आती. गाँव कब गई थी वो?"

सुमंती आमच्याकडे आल्यापासून एकदाही गेली नव्हती. दर दिवाळीला मी म्हणायचे, पाहुणे होऊन जाऊ देत. दर उन्हाळ्यात म्हणायचे, आईंना बरं वाटू दे. गावी आजीपाशी तिची मुलगी होती. आई निघाली तेव्हा दोन वर्षांची.

"पिछले साल," मी म्हणाले.

"अच्छा किया," धापूबाई म्हणाली आणि सुमंतीसाठी चुरमा बांधून दिला.

संध्याकाळी घरी तो पुडा दिला. सुमंतीने विचारलं, "दीदी, किस चीज़ का त्योहार था?" मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "कुछ नहीं, उनका पुराना कार्यक्रम है."

मकरंद आल्यावर मात्र मी विषय काढला. म्हटलं, सुमंतीला महिनाभर घरी पाठवू या. तो लगेच म्हणाला, "बिल्कुल पाठवू. फक्त आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे." तो वाईट माणूस नाही. मीही नाही, असं मला वाटत होतं. मी "बरं" म्हणाले.

ऑपरेशन झालं, मग फिजिओथेरपी सुरू झाली. मग थंडी पडली. सुमंतीने पुन्हा काही मागितलं नाही. होळीच्या आधी मी तिला नवी दिल्ली स्टेशनवर गाडीत बसवून आले. खिडकीतून ती सारखी सांगत होती, अम्माजींची दुपारची गोळी विसरू नका.

पंधरा दिवसांनी तिचा बूथवरून फोन आला. आधी सासूबाईंचा गुडघा विचारला. मग मी मुलगी कशी आहे ते विचारलं.

"अच्छी है, दीदी. नानी को माँ बोलती है। मुझे दीदी बोलती है।"

ती परत आली नाही, आणि मी बोलावलंही नाही.

त्या वस्तीला जावंसं वाटलं तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा. मी पुन्हा गेले नाही. धापूबाईसमोर बसायचं धाडस होत नाही. पहिल्या तीन वर्षांबद्दल, कळलं नव्हतं, असं मी स्वतःला कसंबसं सांगू शकते. पण तिच्या पंगतीत जेवून आल्यानंतरही मी सुमंतीला पाच महिने ठेवून घेतलं. तिची मुलगी कदाचित त्या पाच महिन्यांतच आजीला 'माँ' म्हणायला लागली असेल.