तापमानाला वरची मर्यादा असते का?

ऑर्कुटवरच्या मित्रमैत्रिणींनो, माझा मोठा भाऊ गेल्यानंतर आज पहिल्यांदाच कॉलेजात शिकवायला गेले.

अकरावीचा वर्ग होता. उणे २७३ अंशांच्या खाली तापमान जात नाही, एवढं सांगून झालं. तेवढ्यात होळी गावाहून येणारी सँड्रा म्हणाली, "मॅडम, मग वर पण लिमिट असेल ना?"

मी फळ्यावर एक लिहिला आणि पुढे बत्तीस शून्यं काढली. "साधारण इतके केल्व्हिन. त्यापुढे आपले आजचे नियम चालत नाहीत."

"म्हणजे पुढे काय होतं?"

"कोणालाच माहीत नाही."

शाळेत असताना हाच प्रश्न मी दादाला विचारला होता. त्यानेही हेच उत्तर दिलं होतं. ते आठवलं, तरी माझा आवाज कापला नाही. तास नीट पार पडला.

स्टाफरूममध्ये आमच्या लॅबमधल्या नलूताईंनी डबा पुढे केला. त्या अर्नाळ्याच्या. म्हणाल्या, "आधी पानी पी. मग जेव. मग रड बाय पोटभर."

पाणी प्यायले. भाकरी आणि जवळ्याची चटणी सगळी संपवली. समोर नलूताईच पदराने डोळे पुसत होत्या.

तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? मग रडू कधी आलं?