एका मतासाठी गाडी

निवडणूक जाहीर झाली की आमच्या ग्रामपंचायतीत पहिल्यांदा मैद्याची खळ शिजते. आचारसंहिता लागली म्हणजे गावात जिथं जिथं कुण्या पुढाऱ्याचं नाव नाहीतर थोबाड असेल, ते झाकायचं. पाण्याच्या टाकीवरची पाटी झाकायची, समाजमंदिराची कोनशिला झाकायची, बसथांब्याची बाकडीसुद्धा झाकायची. आमच्याकडं बाकड्यावरही नाव असतं. माणसानं घटकाभर टेकायचं म्हटलं तरी कुणाच्या तरी उपकारावर टेकायचं! तर हे कागद चिकटवायचं काम माझ्याकडं. मी तिथं कॉम्प्युटर चालवते, तेही कंत्राटी, म्हणजे जे सांगतील ते करते.

आमचं गाव औंढा-हिंगोली रस्त्यावरचं. नवरा वारल्यापासून मी मायजवळ राहते. आमच्या घराच्या एका अंगाला दादाचं घर, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावाचं. दादा सत्तेतल्या पक्षाचा, धाकटा विरोधातल्या पक्षाचा. दोघांपैकी एकालाही पक्षानं आजवर साधं पद दिलेलं नाही, पण अंगात वारं असं भरलेलं की काही विचारू नका. एकाच्या पोराच्या बारशाला दुसरा गेला नाही, का तर तिथं नको तो पाहुणा आला होता म्हणे.

मायच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. बुधवारी आणि शनिवारी तिला हिंगोलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. चार तास मशीनवर पडून राहायचं, रक्त साफ करून घ्यायचं आणि घरी यायचं. सरकारी योजनेत हे फुकट होत होतं, आणि माझ्या भावांना भांडायला तेवढंच पुरेसं होतं.

"आमच्या सरकारचं कार्ड हाय म्हणून माय आज जित्ती हाय," दादा ओट्यावर बसून म्हणायचा.

"कार्ड तुमचं? योजना आमच्या टायमाची हाय. तुमी निस्तं नाव बदललं," धाकटा त्याच्या अंगणातून ओरडायचा.

बायकांच्या खात्यावर महिन्याला पैसे येऊ लागले, तेव्हाही तोच तमाशा. दादा म्हणे आमी दिले. धाकटा म्हणे आमी आलो की वाढवून देऊ. जसे काही दोघांनी स्वतःच्या खिशातून काढून दिले! माय आत खाटेवर पडलेली असायची आणि बाहेर तिच्या रक्ताची मालकी ठरत असायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "भांडा बाप्पा दोघंबी, पण जरा तिकडं सरकून भांडा. मला डोळा लागून राहिला." दोघं हसले आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू झाले.

मायला नेणारी गाडी म्हणजे गावची ॲम्ब्युलन्स. ती दादाच्या पक्षाच्या पुढाऱ्यानं निधीतून मिळवून दिलेली. दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत त्याचं नाव, मागच्या दारावर त्याचा हात जोडलेला फोटो. पेशंटला आत ढकलताना आधी त्याचं दर्शन घ्यायचं. धाकटा त्या गाडीला हात लावत नसे. माय पायरीवर धापा टाकत असली तरी हा चार पावलं लांब उभा राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणायचा. मला त्याच्या तोंडावर पाण्याची बादली ओतावी वाटायची.

त्या वर्षी आचारसंहिता लागली आणि मी दिवसभर कागद चिकटवत फिरले. ॲम्ब्युलन्सचा नंबर सगळ्यात शेवटी आला. कोरे कागद संपले होते. पंचायतीच्या कपाटावर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो घेतला, खळ फासली आणि फटाफट चिकटवून टाकलं. अंधारायला आलं होतं, हात मैद्यानं चिकट झालेले, कंबर मोडलेली. मी कागदावर काय छापलंय ते पाहिलंच नाही.

पाहायला पाहिजे होतं. निवडणुकीच्या वर्षात वर्तमानपत्रात बातम्या कमी आणि थोबाडं जास्त, हे मला कळायला नको का? मागच्या दारावर मी जे पान लावलं होतं ती धाकट्याच्या पक्षाच्या पुढाऱ्याची पानभर जाहिरात होती. झालं! एकाचा फोटो झाकला आणि त्याच्यावर दुसऱ्याचा डकवला. गाडी सकाळी एका बाळंतिणीला घेऊन तीन गावं फिरून आली तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले.

दादा पंचायतीत आला तो लालबुंद होऊन. "तू हे मुद्दाम केलं," म्हणाला. सख्खा भाऊ. मी शपथ घेतली, मैद्याचं पातेलं दाखवलं, पण ऐकेल तर शपथ! त्यानं अर्ज दिला की सरकारी कर्मचाऱ्याच्या मदतीनं विरोधकांचा प्रचार चालू आहे. तिकडं धाकट्यानं मोबाइलवर गाडीच्या बाजूचे फोटो काढले. पातळ कागदातून खालचं नाव दिसत होतं. त्यानंही अर्ज दिला की सत्ताधाऱ्यांचं नाव उघड दिसत आहे. दोघांचे अर्ज एकाच दिवशी, तहसीलातल्या निवडणुकीच्या साहेबाच्या एकाच टेबलावर. साहेबानं दोन्ही वाचले आणि हुकूम काढला की निकाल लागेपर्यंत गाडी आवारात उभी करून ठेवावी. किल्ली कपाटात गेली.

मी साहेबापुढं हात जोडले. म्हटलं, कागद काढते, पांढरा रंग मारते, माझ्या पदरच्या पैशानं मारते, पण गाडी चालू ठेवा, माझी माय त्याच गाडीनं जाते. साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, एकाच बाजूची तक्रार असती तर मी काही केलं असतं. दोन्हीकडून आली, आता मी गाडी सोडली तर माझीच नोकरी जाते." त्याला घाबरवणारी ती दोन बाजूंची ताकद म्हणजे माझेच दोन भाऊ, एकाच मायच्या पोटचे. मला त्या दिवशी घरी जायची शिसारी आली. आणि स्वतःचीही आली, कारण ते पान माझ्याच हातांनी चिकटवलं होतं.

मी दोघांना म्हटलं, अर्ज मागं घ्या. दादा म्हणाला, "त्याला आधी घेऊ दे." धाकटा म्हणाला, "त्यानं घेतला की घेतो." कोणी घेतला नाही.

मग सुरू झाली आमची एसटीची फरफट. जाताना माय कशीबशी यायची. येताना तिच्या अंगात जीव नसायचा, मी तिला खांद्यावर टेकवून उभ्या गर्दीत धरून ठेवायची. मतदानाच्या आधीच्या शनिवारी तेही जमलं नाही. हिंगोलीत सभा होती, बऱ्याचशा बसगाड्या तिकडं लावलेल्या, ऑटोवाले माणसं वाहण्यात गुंतलेले. दादा स्वतः जीप भरून सभेला चालला होता. मी जीपपुढं उभी राहिले. "मायला घेऊन जा न्, रस्त्यातच तर दवाखाना हाय."

"जागा कुठं हाय? बाई, एक दिवस इकडं तिकडं झाल्यानं काय व्हते?" म्हणाला आणि गेला.

काय होते ते सोमवारपर्यंत दिसलं. मायचे पाय खांबासारखे सुजले. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून ती उशा लावून बसूनच राहायची. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर म्हणाले, मधे जागा नाही, बुधवारी सकाळी अकराला आणा, आणि आता एकही वेळ चुकवू नका, छातीत पाणी भरेल. बुधवारी मतदान होतं.

बुधवारी सकाळपासून मी रस्त्यावर. एसटीच्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या. गावातल्या भाड्याच्या चारही गाड्या दोन्ही पक्षांनी मतदार आणायला आधीच ठरवून ठेवलेल्या. एकशे आठच्या सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती एका पेशंटला घेऊन नांदेडला गेली होती. मी घरी परत आले तर काय, आमच्या दारात दोन गाड्या उभ्या! एक दादाची, एक धाकट्याची. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, केस बसवलेले, आणि दोघंही कसे गोड.

"माय, चाल वं, मत टाकून येऊ," दादा.

"माय, माझ्या गाडीत बस, एसी हाय," धाकटा.

वर्षभरात मायला धरून पायरी उतरवायला ज्यांना फुरसत नव्हती, त्यांनी तिचे दोन्ही हात धरले होते. माय मधे उभी, तोंड उघडं टाकून श्वास घेत.

मी म्हटलं, "आधी हिंगोली. अकराला मशीन हाय. तिथून आणा अन् मग मत टाकायला न्या, सहापर्यंत टाइम हाय."

"मताला दहा मिनटं लागतात. आधी ते उरकू," दादा म्हणाला.

"अन् त्याच्यानंतर लगेच सोडशील हिंगोलीला?"

तो इकडंतिकडं पाहू लागला. "लगेच कसं? गाडीला तांड्यावर चार फेऱ्या मारायच्या हायेत. दोन वाजता सोडतो, बराबर सोडतो."

मी धाकट्याकडं वळले. "तू?"

"आक्का, तुला तर माहीत हाय मायचं मत कुणीकडं जाते. तिला दादाचाच लय पुळका. मी अर्धा दिवस गाडी घालू अन् मत त्याला?"

तोवर गल्ली जमा झाली होती. मायनं दोघांच्या हातातून आपले हात सोडवले आणि ओट्याला टेकली. तिला एका दमात बोलता येत नव्हतं, तुकड्या-तुकड्यानं बोलली. "मला पक्षाचं काई कळत न्हाई. जो मला आता हिंगोलीला नेईल... त्याला मत. देवाची आण घेऊन सांगते. सगळ्यांपुढं सांगते."

मायनं जन्मात कधी काही विकलं नव्हतं, साधी अंडी विकायलाही लाजायची. गल्लीसमोर ती आपलं मत पुढं करून उभी होती. मला वाटलं, आता तरी यांना शरम वाटेल, आता तरी कुणीतरी दार उघडेल.

दादानं खिशातून फोन काढला, चार पावलं लांब जाऊन कुणाशी तरी बोलला. परत आला तेव्हा त्याचा आवाज अगदी समजावणीचा होता. लहान पोराला समजावतात ना, तसा.

"हे बघ माय. जायला-यायला दोन तास अन् तिथं चार तास. तेवढ्यात गाडी चाळीस माणसं आणते. एका मतासाठी गाडी अर्धा दिवस कशी अडकवू? तूच सांग."

धाकटा त्याला काहीतरी टाकून बोलेल असं वाटलं. इतकी वर्षं दादाच्या एकाही शब्दाला उलट बोलल्याशिवाय तो राहिला नव्हता. पण तो नुसता घड्याळाकडं पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोन्ही भावांचं एकमत झालेलं मी पाहिलं.

"चालते व्हा," मी म्हणाले. याच्यापुढं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गल्लीनं ऐकलं, दोघांच्या बायकांनी ऐकलं, आणि मला त्याचा आजही पस्तावा नाही. दोन्ही गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. एक तांड्याकडं, एक शाळेकडं.

शेवटी दुधाचा पिकअप मिळाला. तो ड्रायव्हर कुण्या पक्षाचा मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. त्यानं मायकडं पाहिलं आणि म्हणाला, "दूध काय मतदानासाठी थांबते व्हय? बसा लवकर." मायला पुढं बसवलं, मी मागं कॅनच्या मधे उभी. पूर्ण रस्ताभर काचेतून तिचं डोकं दिसत होतं, ते हलतंय की नाही एवढंच पाहत मी गेले.

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, पण त्यांनी मशीन ठेवलं होतं. आधी ऑक्सिजन लावला. माय जरा सावरल्यावर एक नर्स कागद घेऊन आली. आधीची वेळ चुकलेली, तब्येत नाजूक, म्हणून जवळच्या माणसाची सही पाहिजे होती. मी मागं पिकअपवाल्याला भाडं घ्या म्हणून विनवून नुकतीच आत येत होते. तो काही घ्यायला तयार नव्हता.

"आजी, मुलगा आलाय का सोबत?" नर्स विचारत होती. "मुलं किती तुम्हाला?"

हा प्रश्न मायला आयुष्यभर लोकांनी विचारला असेल. दोन ल्योक अन् एक लेक, असं ती ठसक्यात सांगायची, ल्योक आधी. दादानं अर्ज दिला तरी तसंच सांगितलं, धाकट्यानं दिला तरी तसंच. पोरांवर मी तोंड सोडलं की मलाच दटावायची.

मायनं तोंडावरचा मास्क जरासा बाजूला केला.

"ल्योक न्हाई, बाई. मला एक पोरगीच हाय."

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी मायला दुरुस्त केलं नाही. पेन घेतलं आणि सही केली.