स्क्रीनवरची सहा बटणं

लोकांना एका खोलीत बसवून बोलतं करायचं, हा माझा धंदा. एखादं अ‍ॅप किंवा स्क्रीन बनवायच्या आधी ती वापरणाऱ्यांनाच विचारायचं आणि त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. याला वर्कशॉप म्हणतात. कंपन्यांना हा प्रकार फार आवडतो. मलाही आवडायचा, आता त्या शब्दाची शिसारी येते.

आंबीकडच्या एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणं बनतात. तिथल्या प्रत्येक मशीनवर स्क्रीन बसणार होती. मशीन थांबलं की कामगाराने कारणाचं बटण दाबायचं: साचा अडकला, माल संपला, वीज गेली. बटणं सहाच मावणार होती आणि ती कोणती, हे कामगारांनी ठरवायचं होतं. बटण न दाबता किंवा खोटं कारण दाबून मशीन थांबवलं तर ते चालवणाऱ्याच्या नावावर ‘विनाकारण बंद’ असं पडणार. असं वारंवार दिसलं की ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

कंपनीने लोणावळ्याच्या एका हॉटेलात हॉल घेतला. कामगार बसने आले, बाया ठेवणीतल्या साड्या नेसून, पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून. कारखान्याचे साहेब आधीच येऊन बसले होते. एसी इतका लावलेला की बाया पदर लपेटून बसल्या. मशीन का थांबतं ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायचं होतं. कार्ल्याकडच्या एका मावशींनी लिहिलं, ‘बाहेर जाणे’.

जेवताना मी त्यांना अर्थ विचारला. त्या मला हात धुवायच्या जागेकडे घेऊन गेल्या.

“पिशवी काढली तवापासनं लघवी थांबवत न्हाई ओ मॅडम. लागली की जावंच लागतं. आत्ता शेजारणीला सांगून जाते, मशीन बंद ठिवून. ते डबडं बसल्यावर कसं व्हायचं? आमच्यात कमावती मी एकलीच हाय.”

“मी सांगू का सगळ्यांना? तुमचं नाव न घेता?”

“नगा. सायब बसल्यात, गडीमाणसं बसल्यात. समद्यांना कळंल.”

दुपारी मतदान. प्रत्येकाला तीन लाल ठिपके दिले. महत्त्वाच्या वाटतील त्या चिठ्ठ्यांवर ते चिकटवायचे, जास्त ठिपके मिळतील त्यांची बटणं होणार. हा खेळ मी शेकडो वेळा खेळवलाय. शहरातली माणसं तिन्ही ठिपके बिनदिक्कत स्वतःच्याच चिठ्ठीवर डकवतात. इथे एकानेही ते केलं नाही.

“मावशी, तुमच्या चिठ्ठीवर लावा की,” मी हळूच म्हटलं.

“आपणच आपल्या ताटात वाढून घ्यायचं व्हय?” त्या चक्क लाजल्या आणि त्यांनी आपले ठिपके साच्याला, मालाला, विजेला देऊन टाकले.

बाकीच्यांना या शिष्टाचाराने काही तोटा झाला नाही, कारण साचा सगळ्यांचाच अडकतो. मावशींच्या चिठ्ठीचा अर्थ बायांना बरोब्बर कळला होता. एक तरुण बाई बोटाच्या टोकावर ठिपका घेऊन त्या चिठ्ठीपुढे थांबलीसुद्धा. मग तिने साहेबांकडे पाहिलं आणि ठिपका विजेला लावला. तिची तरी काय चूक? तो ठिपका लावला असता तर अख्ख्या हॉलला तिच्याबद्दलही कळलं असतं.

मावशींच्या चिठ्ठीवर एकही ठिपका पडला नाही. मी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, “बायकांची एक अडचण आहे. निदान ‘इतर’ असं एक बटण ठेवू या.”

“‘इतर’ ठेवलं की सगळे तेच दाबतात,” ते शांतपणे म्हणाले. “आणि अडचण आहे तर सांगावी ना त्यांनी. एवढा खर्च त्याच्यासाठीच केलाय. कामगारांचा शब्द शेवटचा, असं तुम्हीच सकाळी म्हणालात.”

माणूस दुष्ट नव्हता, मनापासून बोलत होता, आणि त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं. मी आवाज चढवला. त्यांनी घड्याळ पाहिलं. निघताना प्रत्येकाच्या हातात चिक्कीचं पाकीट पडलं आणि भिंतीपुढे उभं करून सगळ्यांचा फोटो निघाला.

डिसेंबरात मी स्क्रीन कशी चालते ते बघायला आंबीला गेले. तो फोटो कारखान्याच्या दारातच मोठा करून लावलेला, खाली लिहिलेलं, ‘आम्हीच ठरवलं’. मावशी त्यात पहिल्या रांगेत होत्या.

आतही त्या आपल्या मशीनवर होत्या. नोकरी टिकली म्हणून मला आधी बरं वाटलं. मग जवळ गेले. चेहरा ओढलेला, ओठ फुटलेले.

“जमतंय का, मावशी?”

“जमतंय की. सकाळपासनं पाण्याचा थेंब घेत न्हाई. घरी गेल्यावरच पिते.”

साचे तापलेले असतात, थंडीतही तिथे घाम येतो.

“अहो, आणि उन्हाळ्यात काय कराल?”

“उन्हाळा लांब हाय अजून,” त्या म्हणाल्या आणि खाली पडलेली झाकणं भराभर गोळा करू लागल्या.