सत्तरवरचा काटा
देवदाराच्या लाकडाचा वास आला की अंधेरीच्या घरातली ती दुपार आठवते. बाबा बोटीवर नोकरीला होते; तिकडून आणलेले सिगार ते देवदाराच्या एका पेटीत जपायचे. सिगार सुकू नयेत म्हणून दर रविवारी आतला स्पंज भिजवायचा आणि झाकणातल्या ओलावा मोजणाऱ्या मीटरचा काटा सत्तरवर राखायचा. पॅरालिसिसने त्यांची वाचा गेली, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं. त्या रविवारी ते सारखं पेटीकडे बोट दाखवत होते. मी स्पंज भिजवला, काटा दाखवला. “बघा ना बाबा, बरोबर सत्तर! झोपा आता.” बोट काही खाली येईना. शेवटी मी चिडून त्यांचा हात पांघरुणात घातला. तासाभराने आई गंगाजल घेऊन धावली तेव्हा बाबांचे ओठ घट्ट मिटले होते. पाणी गालावरून ओघळून उशीत मुरलं. नंतर आवरताना पेटी उचलली, तर मागे त्यांचा पाणी प्यायचा कप होता, काठोकाठ भरलेला. आता घरात कुणी सिगार ओढत नाही. तरी दर रविवारी मी स्पंज भिजवते. काटा सत्तरवरच असतो, आणि झाकण लावताना पाठीमागे कुणीतरी कोरडा आवंढा गिळतं.